तमाशा-कलावंतांची उपजीविका

तमाशा या महाराष्ट्रीय लोकनाट्यप्रकारावर ज्यांचा चरितार्थ चालतो, अशा नट, नर्तकी, गायक, वादक, शाहीर, फडमालक व फडातील इतर कामगार यांच्या आर्थिक व सामाजिक जीवनाचा या नोंदीत विचार केला आहे. तमाशाचे वाङ्‍मयीन व नाट्यविषयक स्वरूप (गण, गौळण, बतावणी, लावणी, वग इ.) सुपरिचित आहे, परंतु हा कलाप्रकार दोन शतकांहून अधिक काळ टिकून राहिला तो मुख्यतः एक व्यवसाय म्हणून, ही गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षित राहते. तमाशात काम करणारा कलावंत हा हौशी नट नसून वर्षातील सात-आठ महिने घरापासून दूर राहून कलेवर पोट भरणारा श्रमिक असतो. त्याची मिळकत पाऊसपाणी, यात्रांच्या तिथी, सावकाराचे व्याज आणि प्रेक्षकांची बदलती अभिरुची अशा अनेक गोष्टींवर अवलंबून असते.

तमाशा-व्यवसायाचे दोन मुख्य प्रकार आहेत : ढोलकी-फडाचा तमाशा आणि संगीत बारी. पहिल्यात वगनाट्याला प्राधान्य असून फड गावोगाव फिरतो. दुसऱ्यात नृत्यगायनाला प्राधान्य असून कलावतींचे संच ठरावीक थिएटरांत वास्तव्य करून कार्यक्रम करतात. दोहोंचे अर्थव्यवहार बऱ्याच अंशी भिन्न आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : पेशवाईच्या उत्तरकाळात, विशेषतः दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत (१७९६–१८१८), शाहिरी व तमाशा यांना सरदार, सावकार आणि छावणीतील शिपाई यांचा आश्रय लाभला. राम जोशी (१७६२–१८१२), अनंत फंदी (१७४४–१८१९), होनाजी बाळा, प्रभाकर, सगनभाऊ व परशराम हे या काळातील प्रमुख शाहीर होत. बिदागी, वस्त्रे व क्वचित वर्षासन हे त्यांच्या प्राप्तीचे मार्ग होते. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर हा आश्रय आटला आणि तमाशाला खेड्यांतील यात्रा-जत्रांचा व सामान्य रयतेचा आधार शोधावा लागला. आश्रयदाता बदलल्यामुळे कलेचे स्वरूपही बदलले. रात्रभर प्रेक्षकांना खिळवून ठेवणारे सलग कथानक आवश्यक ठरले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वगाचा उदय झाला. सावळज (जि. सांगली) येथील उमाजी यांचा मोहना-बटाव हा पहिला वग मानला जातो.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईच्या गिरण्यांत घाटावरून आलेला कामगारवर्ग हा तमाशाचा मोठा शहरी प्रेक्षक बनला. नाटकगृहांप्रमाणे तिकीट लावून तमाशे होऊ लागले. लालबागचे हनुमान थिएटर, पुण्याचे आर्यभूषण थिएटर ही तमाशाची नामांकित ठिकाणे होती. या काळातील सर्वांत लोकप्रिय शाहीर म्हणजे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५). मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्ष (जि. सांगली) येथील ब्राह्मण कुटुंबात जन्मलेले बापूराव तमाशात आले आणि त्यांनी पवळा या कलावतीसह फड गाजविला. विपुल लावण्या रचणाऱ्या व हजारोंच्या गर्दीपुढे उभे राहिलेल्या या शाहिराचा अखेरचा काळ मात्र पुण्यात विपन्नावस्थेत गेला. तमाशाच्या व्यवसायात कीर्ती व सांपत्तिक स्थैर्य यांचा मेळ बसत नाही, याचे हे पहिले ठळक उदाहरण असले, तरी ते शेवटचे ठरले नाही.

स्वातंत्र्योत्तर काळाच्या आरंभी मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. तिचा परिणाम कलेवर झाला त्याहून अधिक कलावंतांच्या चुलीवर झाला. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा-सुधारणेचा विचार करण्यासाठी समिती नेमण्यात आली. संहितांची पूर्वतपासणी करण्याच्या अटीवर तमाशाला पुन्हा परवानगी मिळाली. या घटनेनंतर अनेक फडांनी आपल्या नावापुढे ‘लोकनाट्य’ हा शब्द जोडला. तो प्रतिष्ठेचा प्रश्न होता, तसाच परवान्याचाही होता.

फडाची रचना : फड ही तमाशा-व्यवसायाची मूळ संस्था होय. फडाचे नाव त्याच्या प्रमुख कलावंताच्या व गावाच्या नावावरून पडते : भाऊ-बापू मांग नारायणगावकर, काळू-बाळू कवलापूरकर, तुकाराम खेडकर इत्यादी. दोन नावे ‘सह’ या शब्दाने जोडण्याची प्रथा भागीदारीची निदर्शक आहे. हे नाव हेच फडाचे खरे भांडवल असते. म्हणून मालकाच्या मृत्यूनंतर पुत्र, कन्या किंवा भाचे तेच नाव पुढे चालवितात आणि भाऊबंदकीत फड फुटला, तर दोन्ही फड मूळ नावावर हक्क सांगतात.

पूर्वीचा फड सात-आठ जणांचा असे. सरदार किंवा नाईक, सोंगाड्या, नाच्या, ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुण्याची साथ करणारा आणि मागे सूर धरणारे झीलकरी किंवा सुरते एवढ्यांवर तमाशा उभा राही. बैलगाडीतून किंवा पायी प्रवास होई आणि गावाच्या चावडीपुढे अथवा देवळासमोर टेंभ्यांच्या उजेडात खेळ होई. जमलेल्या पैशांची वाटणी ठरलेल्या हिश्शांनी केली जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंबू, विद्युत्‌जनित्र, ध्वनिवर्धक, मालमोटारी यांचा वापर सुरू झाल्यावर हिस्सेदारीची जागा पगारी नोकरीने घेतली. आज मोठ्या फडात शंभराहून अधिक माणसे असतात. त्यांत निम्म्याच्या आसपास प्रत्यक्ष रंगमंचावर येणारी, तर उरलेली तंबू ठोकणारी, मोटारी चालविणारी, दिवे व ध्वनी सांभाळणारी, तिकिटे विकणारी व स्वयंपाक करणारी असतात. व्यवस्थापक फडाच्या आधी पुढच्या गावी जाऊन मैदान, परवाने, पाणी व जाहिरात यांची तजवीज करतो.

पगारात मोठी तफावत आढळते. सोंगाड्या, प्रमुख स्त्री-कलावंत व ढोलकीवादक यांचा मोबदला सर्वाधिक असतो, कारण त्यांच्या नावावर खेळ विकला जातो. समूहनृत्यातील मुली, दुय्यम नट व वादक यांना त्यामानाने बराच कमी पगार मिळतो. तंबूच्या कामगारांना सर्वांत कमी. दोन वेळचे जेवण फडाकडून मिळते. अनेक कुटुंबांतील नवरा, बायको व मुले एकाच फडात असतात. त्यामुळे फड बंद पडला म्हणजे एक नव्हे, तर घरातील सर्व मिळकती एकदम थांबतात.

हंगाम व उत्पन्नाचे मार्ग : तमाशाचे वर्ष दसऱ्याला सुरू होते आणि वैशाखात संपते. श्रावण-भाद्रपदात माणसांची जुळवाजुळव, नव्या वगाच्या तालमी, तंबूची दुरुस्ती व कपडेपट ही कामे उरकतात. विजयादशमीच्या सुमारास नारळ फोडून फड बाहेर पडतो. हंगामाचे दोन स्पष्ट भाग पडतात. दसऱ्यापासून फाल्गुनापर्यंत तिकीट लावून कनातीतले खेळ होतात. या काळात फड मोठ्या यात्रांचा माग काढीत फिरतो : माळेगाव (जि. नांदेड) येथील खंडोबाची यात्रा, सारंगखेडे (जि. नंदुरबार) येथील दत्तजयंतीची यात्रा ही त्यांपैकी प्रमुख होत. एकाच यात्रेत अनेक तंबू शेजारी शेजारी उभे राहतात आणि प्रेक्षक खेचण्याची उघड स्पर्धा चालते. तिकीटबारीचे उत्पन्न बेभरवशाचे असते. अवकाळी पाऊस, दुष्काळ, पिकाचा पडलेला भाव, निवडणुकीची आचारसंहिता यांपैकी कोणतेही कारण आठवडाभराची कमाई बुडवू शकते. परंतु पगार, जेवण व इंधन यांचा खर्च चुकत नाही. त्यामुळे हंगामाचा पहिला भाग बहुतेक फडांना तोट्यातच जातो.

दुसरा भाग चैत्र-वैशाखातील गावयात्रांचा. या काळात पश्चिम महाराष्ट्रातील व नगर-नाशिक भागातील बहुसंख्य गावांच्या ग्रामदैवतांच्या यात्रा येतात. गावकरी वर्गणी काढून फड ठरवितात व खेळ सर्वांना विनामूल्य दाखविला जातो. या ठरावाला ‘सुपारी’ म्हणतात. सुपारीत रात्रीचा तमाशा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावासमोर होणारी ‘हजेरी’ अशा दोन्हींचा समावेश असतो. रात्रभर जागलेले कलावंत हजेरी संपताच सामान भरून पुढच्या गावी निघतात. पाठोपाठच्या तारखा असल्यास झोप मोटारीतच घ्यावी लागते.

सुपाऱ्या ठरविण्याचे सर्वांत मोठे केंद्र नारायणगाव (ता. जुन्नर, जि. पुणे) हे होय, त्यास ‘तमाशाची पंढरी’ असे म्हटले जाते. हंगामाच्या या टप्प्यात तेथे फडमालक आपापल्या राहुट्या उभारतात. राहुटीसमोर फडाचा फलक, आत व्यवस्थापक व तारखांची वही असते. गावोगावचे पुढारी राहुट्यांतून फिरून भाव विचारतात, कलावंतांची नावे पारखतात आणि इसार देऊन तारीख पक्की करतात. दर मुख्यतः तिथीवर ठरतो. चैत्री पौर्णिमा किंवा चैत्र वद्य अष्टमी अशा तिथींना असंख्य गावांच्या यात्रा एकाच दिवशी येतात, म्हणून त्या दिवसाची सुपारी चढी असते. रिकाम्या दिवशी तोच फड निम्म्या दरातही जातो. मोठ्या फडांची सुपारी काही लाख रुपयांपर्यंत पोहोचते. वर्षभराचा तोटा भरून निघतो तो या काही आठवड्यांत. केवळ याच काळात उभे राहणारे लहान फडही असतात, त्यांना ‘हंगामी फड’ म्हणतात; त्यांतील कलावंत उरलेले वर्ष शेतमजुरी, वाजंत्री किंवा किरकोळ व्यापार करतात.

उचल व कर्ज : तमाशा-व्यवसायाचा आर्थिक कणा ‘उचल’ हा आहे. हंगाम संपल्यावर कलावंताच्या हाती पैसा उरत नाही. पावसाळ्यातील उदरनिर्वाह, मुलांची शाळा, आजारपण, लग्नकार्य यांसाठी तो फडमालकाकडून आगाऊ रक्कम उचलतो. ती पुढील हंगामात पगारातून वळती होते. उचल घेतलेल्या कलावंताने ती फिटेपर्यंत दुसऱ्या फडात जाऊ नये, असा संकेत आहे. गेल्यास नव्या मालकाने जुन्याची बाकी चुकती करावी लागते. बाकी फिटण्यापूर्वीच नवी उचल घेणे भाग पडते आणि कलावंत वर्षानुवर्षे एकाच फडाशी बांधला जातो. दुसऱ्या बाजूस, उचल घेऊन कलावंत आलाच नाही, तर मालकाची रक्कम बुडते व ऐन हंगामात वगातील भूमिका रिकामी राहते.

ही रक्कम मालक स्वतःच्या गाठीतून देतो असे नाही. बँका अशा व्यवसायास सहसा कर्ज देत नाहीत, कारण तारण ठेवण्याजोगे काही नसते. मालक खाजगी सावकारांकडून चढ्या व्याजाने पैसा उभा करतो आणि चैत्रातील सुपाऱ्यांच्या उत्पन्नातून तो फेडतो. अशा रीतीने कलावंत मालकाचा व मालक सावकाराचा ऋणको असतो. हंगाम चांगला गेला तर साखळी सुरळीत चालते. एखादे वर्ष बुडाले, तर मोटारी व तंबू विकण्याची वेळ येते. उचलीची ही पद्धत ऊसतोडणी कामगारांच्या पद्धतीशी अत्यंत मिळतीजुळती आहे. तेथे मुकादम, येथे फडमालक. दोन्हींकडे पावसाळ्यात उचल, दसरा-दिवाळीच्या सुमारास स्थलांतर आणि उन्हाळ्यात परत येणे असा क्रम आढळतो.

अहिल्यानगर जिल्हा व तमाशा : पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याचा (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) तमाशाशी निकटचा संबंध आहे. अनंत फंदी हे संगमनेरचे. पवळा ही संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील असल्याने ‘हिवरगावकर’ म्हणून ओळखली जाई. लावणीगायिका गुलाबबाई संगमनेरकर (मृत्यू २०२२) यांनीही या गावाचे नाव सर्वत्र नेले. तुकाराम खेडकर यांच्या फडात नावारूपास आलेल्या कांताबाई सातारकर (१९३९–२०२१) यांनी खेडकरांच्या निधनानंतर संगमनेर येथे स्वतःचा फड उभारला व पुत्र रघुवीर खेडकर यांच्यासह तो दीर्घकाळ चालविला. स्त्रीने फडाची मालकी व व्यवस्थापन सांभाळल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय. पारनेर तालुक्यातील ढवळपुरी हे गावही चंद्रकांत ढवळपुरीकर यांच्यामुळे तमाशारसिकांना परिचित झाले. जामखेड हे संगीत बारीचे प्रसिद्ध केंद्र आहे.

नेवासे तालुक्यातील सोनई व तिचा परिसर या व्यवसायाच्या दुसऱ्या बाजूचे, म्हणजे प्रेक्षकाश्रयाचे, उदाहरण म्हणून पाहता येतो. मुळा धरणाच्या पाण्यामुळे हा भाग उसाखाली आला आणि सोनई येथे मुळा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. जवळच घोडेगावचा जनावरांचा बाजार आणि शनिशिंगणापूरचे देवस्थान आहे; पूर्वेस पाथर्डी तालुक्यात मढी येथे कानिफनाथांची यात्रा होळीपासून पाडव्यापर्यंत चालते. बाजार, यात्रा आणि उसाचा पैसा ही तिन्ही साधने जेथे एकत्र येतात, तेथे कनातीतल्या खेळाला तिकीट काढणारा प्रेक्षक मिळतो. गाळपाचा हंगाम आणि फडाचा तिकीटबारीचा हंगाम हे एकाच काळात येत असल्याने साखर कारखान्यांची गावे फडमालकांच्या नकाशावर महत्त्वाची ठरतात. उलटपक्षी, पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात पाऊस हुकला म्हणजे गावयात्रेची वर्गणी घटते, गावकरी मोठ्या फडाऐवजी लहान फड किंवा वाद्यवृंद ठरवितात आणि दुष्काळाची झळ शेतकऱ्याकडून कलावंतापर्यंत पोहोचते.

संगीत बारी : संगीत बारीचे संच बहुतांशी कोल्हाटी व तत्सम कलावंत जमातींतील स्त्रियांचे असतात. संचाची प्रमुख स्त्री ही मालकीण असते. तिच्या बहिणी, भाच्या व मुली नाचगाणे करतात आणि पेटी, तबला, ढोलकी यांचे वादक साथीला असतात. जामखेड, मोडनिंब (जि. सोलापूर), चौफुला (जि. पुणे) इ. ठिकाणची थिएटरे किंवा ‘कला केंद्रे’ ही त्यांची निवासाची व कामाची जागा. जाहीर खेळाचे तिकीट, प्रेक्षकांनी फर्माइशीबरोबर दिलेली ‘दौलतजादा’ आणि खाजगी बैठका हे उत्पन्नाचे तीन मार्ग होत. थिएटरमालकाचा वाटा वजा जाता उरलेली रक्कम संचातील माणसांत ठरलेल्या हिश्शाने वाटली जाते. ढोलकी-फडापेक्षा येथील काम वर्षभर चालते, प्रवास कमी असतो. पण दौलतजादा हा उत्पन्नाचा मुख्य भाग असल्याने कलावतीची कमाई तिच्या कलेइतकीच तिच्या वयावर अवलंबून राहते. अदाकारीची बैठकीची लावणी पिढ्यान्‌पिढ्या जतन करणाऱ्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व २०१२ मध्ये पद्मश्री लाभली. परंतु अशी मान्यता मोजक्यांच्याच वाट्याला आली.

कलावंतांची सामाजिक स्थिती : तमाशाचे कलावंत प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी, गोपाळ इ. समाजांतून आले. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले, त्यांच्याच कलेवर गावाची यात्रा साजरी झाली. टाळ्या आणि अवहेलना या दोन्ही एकाच रात्री स्वीकारणे हा या व्यवसायाचा भाग होता. विसाव्या शतकात आंबेडकरी चळवळीने या स्थितीवर टीका केली. अनेक कलावंतांनी तमाशा सोडून जलशांतून प्रबोधनाचे कार्य हाती घेतले. तमाशाचे तंत्र सत्यशोधक जलशांनी, अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने आणि पुढे वसंत सबनीसांच्या विच्छा माझी पुरी करा (१९६५) सारख्या शहरी लोकनाट्यांनी आत्मसात केले. या नव्या रंगभूमीला प्रतिष्ठा मिळाली, मात्र तिची फळे पारंपरिक फडातील कलावंतापर्यंत क्वचितच पोहोचली. दादू इंदुरीकर हे त्याला काही अंशी अपवाद; गाढवाचं लग्न या वगातील भूमिकेमुळे त्यांना शहरी प्रेक्षक लाभला व १९७३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

स्त्री-कलावंतांचे प्रश्न अधिक बिकट आहेत. पूर्वी स्त्रीभूमिका व नृत्य पुरुष म्हणजे नाच्या पोरे करीत. स्त्रिया रंगमंचावर आल्यानंतर फडाचे आर्थिक यश बव्हंशी त्यांच्यावर अवलंबून राहू लागले. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला, १९६२ च्या चीन-युद्धाच्या वेळी त्यांनी सीमेवरील जवानांसाठी कार्यक्रम केले. गरोदरपणाचे दिवस भरले असतानाही त्यांनी खेळ चुकविला नाही, ही घटना तमाशाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. ती सामान्यतः निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. पण खेळ थांबला तर फडाचे दिवसाचे उत्पन्न बुडते आणि प्रसूतीची रजा ही कल्पनाच व्यवसायात नाही, ही तिची दुसरी बाजू होय. विठाबाईंचा अखेरचा काळही आर्थिक विवंचनेत गेला. संगीत बारीतील स्त्रियांच्या बाबतीत कुटुंबाचा सर्व भार कमावत्या मुलीवर टाकण्याची, तिला विवाहापासून वंचित ठेवण्याची रूढी होती. किशोर शांताबाई काळे यांच्या कोल्हाट्याचं पोर (१९९४) या आत्मकथनाने हे वास्तव वाचकांपुढे आणले. फडाबरोबर हिंडणाऱ्या मुलांचे शिक्षण खंडित होणे आणि त्यामुळे पुढची पिढी त्याच व्यवसायात ओढली जाणे, ही या सर्वांतील समान अडचण आहे.

शासकीय साहाय्य : महाराष्ट्र शासनाने वृद्ध साहित्यिक व कलावंत यांना मानधन देण्याची योजना १९५० च्या दशकातच सुरू केली, तिच्या लाभार्थींत तमाशा-कलावंतांचा समावेश होतो. सांस्कृतिक कार्य संचालनालयातर्फे निवडक पूर्णवेळ व हंगामी फडांना प्रयोगांसाठी व साहित्य-खरेदीसाठी अनुदान, तमाशा महोत्सव आणि प्रशिक्षण शिबिरे हे उपक्रम राबविले जातात. विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देण्यात येतो. कांताबाई सातारकर या त्याच्या आरंभीच्या मानकरी होत. या योजनांची मुख्य मर्यादा अशी, की त्या फडमालकाला किंवा वयोवृद्ध कलावंताला साहाय्य करतात. मधल्या वयातील पगारी कलावंताला भविष्यनिर्वाह निधी, अपघात विमा किंवा पावसाळ्यातील निर्वाहभत्ता अशा स्वरूपाचे नियमित संरक्षण मिळत नाही. मानधनासाठी कलावंत असल्याचे पुरावे सादर करावे लागतात. आयुष्यभर तंबूत वावरलेल्या निरक्षर माणसाजवळ अशी कागदपत्रे पुष्कळदा नसतात.

बदलते अर्थकारण : चित्रपटाचा तमाशावर दुहेरी परिणाम झाला. राम जोशी (१९४७), सांगत्ये ऐका (१९५९), पिंजरा (१९७२) व नटरंग (२०१०) यांसारख्या चित्रपटांनी तमाशाविषयी कुतूहल वाढविले. त्याचबरोबर प्रेक्षक फडाकडूनही चित्रपटगीतांचीच मागणी करू लागला. गण व गौळण आटोपत्या झाल्या, वग कापला गेला आणि हिंदी-मराठी चित्रपटगीतांवरील नृत्यांचा भाग वाढला. त्यामुळे अभिनय, हजरजबाबीपणा व शीघ्रकवित्व या गुणांचे व्यावसायिक मोल घटले. १९८२ च्या गिरणी-संपानंतर मुंबईतील कामगार प्रेक्षक विखुरला आणि तेथील थिएटरांचा आधार नाहीसा होत गेला. दूरचित्रवाणी व नंतरचा भ्रमणध्वनी यांनी करमणूक घरात आणली. ध्वनिप्रदूषणविषयक नियम (२०००) आणि त्यासंबंधीचे सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय यांमुळे रात्री दहानंतर ध्वनिवर्धकावर निर्बंध आले. पहाटेपर्यंत रंगणारा खेळ आखडता घ्यावा लागला. स्वतंत्र लावणी-नृत्याचे कार्यक्रम कमी माणसांत व कमी खर्चात होत असल्याने गावेही त्यांकडे वळली.

सर्वांत मोठा आघात कोविड-१९ च्या महासाथीचा होता. २०२० मध्ये देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली, त्याच दिवशी, म्हणजे २५ मार्चला, गुढीपाडवा होता. उभारलेल्या राहुट्या ओस पडल्या आणि ज्या यात्रांवर वर्षाची परतफेड अवलंबून होती, त्या रद्द झाल्या. २०२१ चा चैत्रही तसाच गेला. उचल दिलेली, पण खेळ नाही. कर्ज घेतलेले, पण सुपारी नाही, अशी स्थिती सलग दोन वर्षे राहिली. अनेक कलावंतांनी भाजीविक्री, शेतमजुरी, बांधकामावरील मजुरी असे पर्याय स्वीकारले व त्यांतील काही परत आले नाहीत. कांताबाई सातारकर यांचे निधन मे २०२१ मध्ये याच साथीत झाले. २०२२ पासून यात्रा पूर्ववत सुरू झाल्या. तथापि तंबू घेऊन आठ महिने फिरणाऱ्या मोठ्या फडांची संख्या आता मोजकीच उरली आहे.

तुलना : पारंपरिक रंगभूमीवर उपजीविका करणाऱ्यांचा प्रश्न इतर देशांनाही पडला आहे. जपानचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. काबुकीचा उगम इझुमो नो ओकुनी या नर्तकीने १६०३ च्या सुमारास क्योटो येथे केलेल्या नृत्यांत मानला जातो. शासनाने १६२९ मध्ये स्त्रियांना रंगमंचावर बंदी केली व पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची परंपरा निर्माण झाली. काबुकीचे नटही समाजाच्या खालच्या स्तरांत गणले जात. ‘नदीपात्रातले भिकारी’ अशा अर्थाचा शब्द त्यांच्यासाठी वापरला जाई. नो या प्रकाराला तर शोगुनांकडून वेतन मिळे. १८६८ च्या सत्तांतरानंतर ते थांबले आणि पेशवाई बुडाल्यावर मराठी शाहिरांची झाली तशीच त्या नटांची अवस्था झाली. पुढे मात्र दोन्हींचे मार्ग भिन्न झाले. नो नटांनी हौशी शिष्यांना शिकवून उपजीविका साधली. घराण्याचा प्रमुख (इएमोतो) शिष्यांना परवाने देतो व त्यांचे शुल्क घराण्यास मिळते. काबुकी १८९५ मध्ये स्थापन झालेल्या शोचिकु या कंपनीच्या व्यवस्थापनाखाली मोठ्या शहरांतील स्थायी नाट्यगृहांत चालू राहिले. १९५० च्या सांस्कृतिक संपत्ती संरक्षण कायद्यान्वये श्रेष्ठ कलावंतांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ मानण्याची पद्धत रूढ झाली. त्यांना वर्षाला २० लाख येन अनुदान मिळते. १९६६ मध्ये उघडलेल्या राष्ट्रीय नाट्यगृहाने १९७० पासून नटघराण्याबाहेरील तरुणांना काबुकीचे प्रशिक्षण देण्यास सुरुवात केली.

याचा अर्थ जपानी नटांचे प्रश्न सुटले असा नाही. तेथेही मोठी भूमिका प्रायः मोठ्या घराण्यातील वारसालाच मिळते. नो नट अध्यापनावर विसंबून असतो आणि हौशी शिष्य कमी होत आहेत; राष्ट्रीय नाट्यगृहाची जुनी वास्तू पुनर्बांधणीसाठी २०२३ मध्ये बंद झाली. तरीही दोन गोष्टी लक्षणीय ठरतात. एक, अध्यापन हे तेथे उपजीविकेचे प्रतिष्ठित साधन झाले. तमाशात ढोलकी, लावणी व बतावणी यांचे ज्ञान घरात व फडात विनामूल्य दिले जाते, त्यामुळे वय झालेल्या कलावंताच्या विद्येला किंमत उरत नाही. दुसरी, तेथील प्रशिक्षणसंस्थेने जन्माने नट नसलेल्यांना व्यवसायाचे दार उघडले. महाराष्ट्रात जातीमुळे व्यवसायात ढकलला गेलेला कलावंत बाहेर पडू पाहतो आणि बाहेरचा हौशी कलावंत आत येत नाही.

मूल्यमापन : तमाशा टिकावा अशी इच्छा अनेकदा व्यक्त केली जाते. परंतु तमाशा-कलावंतांची मुले शिकून इतर व्यवसायांत जात असतील, तर ती समाजाच्या दृष्टीने प्रगती आहे आणि तिला कलेच्या जतनाच्या नावाखाली विरोध करता येणार नाही. प्रश्न आहे तो जे स्वेच्छेने या व्यवसायात राहतात वा येऊ इच्छितात, त्यांना त्यावर सन्मानाने जगता येईल की नाही हा. त्यासाठी सावकारी कर्जाला पर्यायी पतपुरवठा, पावसाळ्यातील चार महिन्यांची तरतूद, फिरत्या कुटुंबांतील मुलांसाठी निवासी शाळा, स्त्री-कलावंतांना आरोग्य व प्रसूतीविषयक संरक्षण आणि ज्येष्ठ कलावंतांना सवेतन अध्यापनाची संधी या गोष्टी आवश्यक ठरतात. कला व कलावंत यांचे भवितव्य एकमेकांशी निगडित असले, तरी ते एकच नाही. पुरस्कार व महोत्सव यांनी कलेचा गौरव होतो. दसऱ्याला फडाबरोबर बाहेर पडणाऱ्या माणसाला मात्र वैशाखात घरी परतताना हाती काय उरते, यावरच तो पुढल्या दसऱ्याला पुन्हा बाहेर पडणार की नाही हे ठरते.